पेनड्राइव्ह लावला की आपोआप उघडावा का? (चिडून लिहिलंय, समजून घ्या)

डोंबिवली_स्लो: काल इथे एकाने लिहिलं, लिनक्सवर डिस्क आपोआप माउंट होणं (जोडली जाऊन फाइली उघडता येणं) म्हणजे निव्वळ लाड, टर्मिनल उघडून हाताने कमांड द्या नाहीतर विंडोजवर जा. डोकंच सणकलं. दादरला माझ्या भावाचं झेरॉक्सचं दुकान आहे, अ‍ॅडमिशनच्या दिवसांत काउंटरवर दहा पोरं पेनड्राइव्ह नाचवत उभी असतात, त्यांच्यासमोर हा ड्राइव्हचं नाव एसडीबी की एसडीसी ते शोधत बसणार? कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) डिव्हाइस दिसतं, यूडेव्हला (डिव्हाइस ओळखणाऱ्या प्रोग्रामला) कळतं, यूडिस्क्स (डिस्क सांभाळणारा प्रोग्राम) माउंट करतं, संपलं. यूडेव्ह 2003 पासून आहे हो!

टर्मिनलबुवा: ती पोस्ट माझीच, आणि शब्द मागे घेत नाही. ओळखणं वेगळं, माउंट करणं वेगळं. दहा अनोळखी पेनड्राइव्ह आपोआप माउंट करणं म्हणजे दार सताड उघडं टाकून झोपणं. पेनड्राइव्हमधून पसरणारा 2010 चा घातक प्रोग्राम स्टक्सनेट विसरलात?

डोंबिवली_स्लो: स्टक्सनेट विंडोजच्या शॉर्टकट फाइलींतून घुसायचा बुवा. काहीही काय!

लॅमिंग्टनचा_कीडा: आणि सीडीचं कोणी बोलतच नाही. सीडी घातली हे बरेच ड्राइव्ह स्वतःहून सांगतच नाहीत, सारखं विचारावं लागतं. आधी ते काम एचएएल नावाचा जुना प्रोग्राम करायचा, लिनक्सच्या 2.6.38 आवृत्तीपासून कर्नलच करतो. माझ्या जुन्या लॅपटॉपचा ड्राइव्ह रात्रभर कुरकुरायचा, आई म्हणायची उंदीर शिरलाय.

माहीमची_मावशी: लावायचं राहू द्या, काढायचं बोला. भाचीच्या लग्नाचे फोटो स्टुडिओतल्या लिनक्सवरून पेनड्राइव्हवर घेतले, कॉपीची पट्टी 100 टक्के झाली, लोकल गाठायची होती म्हणून ओढला. घरी येऊन बघते तर निम्म्या फाइली शून्य बाइटच्या. स्टुडिओवाल्याने कॅमेऱ्याचं कार्ड आधीच पुसलेलं.

टर्मिनलबुवा: ताई, लाइट लुकलुकत होता का?

माहीमची_मावशी: होता. मग?

टर्मिनलबुवा: मग चूक तुमचीच. डेटा रॅममध्येच होता, पेनड्राइव्हवर पोचला नव्हता. अनमाउंट करायचं असतं.

माहीमची_मावशी: पट्टी 100 म्हणते आणि चूक माझी? बेस्टचा कंडक्टर "शेवटचा स्टॉप" ओरडला की मी उतरणारच ना, की आधी ड्रायव्हरला विचारायचं?

डोंबिवली_स्लो: मावशी 1, बुवा 0. सरळ सिंक ऑप्शन (डेटा रॅममध्ये न ठेवता लगेच लिहिणारा) लावून माउंट करायला काय जातं?

लॅमिंग्टनचा_कीडा: जातं ना, कॉपी रखडते, वर सारखं लिहून लिहून पेनड्राइव्हची फ्लॅश मेमरी झिजते. माउंट कमांडच्या मॅन पेजमध्येच (माहितीच्या पानात) लिहिलंय, पण वाचतंय कोण.

टर्मिनलबुवा: बरं बाबा. दुकानात ऑटोमाउंट ठेवा, पण रीड-ओन्ली (फक्त वाचता येईल असं) आणि नोएक्झेक (त्यावरचे प्रोग्राम चालणार नाहीत असं). प्रिंटच तर काढायचीत. वर काही लिहिलंच जात नाही, त्यामुळे पोरांनी ओढून काढला तरी त्यांच्या फाइली शाबूत.

डोंबिवली_स्लो: म्हणजे ऑटोमाउंट चालेल! हे कालच लिहिलं असतं तर माझी जेवणाची सुट्टी वाचली असती.

टर्मिनलबुवा: दुकानात चालेल म्हटलं. माझ्या मशीनवर नाही.

माहीमची_मावशी: जिंकलात दोघेही. आता फोटोरेक (गेलेल्या फाइली परत मिळवणारा प्रोग्राम) चालवता येणारं कोणी माहीम-दादरकडे आहे का? पेनड्राइव्हला तेव्हापासून हात लावलेला नाही.