रस नाही असं नाही, वेळ चुकीची होती

वर कुणीतरी लिहिलंय की सरकारी नोकरीतल्या बायका एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट फाइलला लावतात आणि पुढे काही शिकायला तयार नसतात. सर्टिफिकेटपुरतं मान्य. २००१ साली सुरू झालेला तो कोर्स, त्यात वर्ड-एक्सेलची तोंडओळख होते. ई-ऑफिसवरची, म्हणजे फाइली संगणकावर चालवायच्या सरकारी प्रणालीतली टिपणी, डिजिटल सही हे टेबलावर बसूनच शिकावं लागतं. पण 'तयार नसतात' हे अजिबात पटलं नाही.

मी फोर्टमधल्या एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून आम्ही सव्वासहाला सुटतो, आणि ई-ऑफिसचं ट्रेनिंग ठेवायचे त्यानंतर! बदलापूर-विरारच्या बायका थांबणार कशा? हजेरीत नावं नाहीत, की लगेच 'रस नाही'. शेवटी आम्ही सहा जणींनी अर्ज देऊन ते दुपारी तीनला करून घेतलं. आस्थापना शाखेतल्या एक मॅडम, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, कीबोर्डवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावून बसायच्या. शिकवणारा मुलगा सारखा माऊस स्वतःकडे ओढायचा. एकदा त्यांनी त्याचा हात बाजूला केला, "तू नुसतं सांग रे, करते मी." आता फाइल अडकली की शाखेतले सगळे त्यांच्याच टेबलाशी जातात.