पत्र चेंबरला आलं, सुभाषनगरला कोण सांगणार?

सुभाषनगरकर
मंडळी, प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीच्या चपलेचं प्रकरण सगळ्यांना माहितीय, तरी ज्यांनी अर्धंच वाचलंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जून 2025 ला मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलांच्या पायात आपली कोल्हापुरी दिसली, नाव मात्र नुसतं लेदर सँडल, ना कोल्हापूर ना भारत. इकडं आरडाओरडा झाला, महाराष्ट्र चेंबरनं, म्हणजे व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेनं, कंपनीला पत्र लिहिलं आणि काही दिवसांत उत्तर आलं. उत्तर देणारे लोरेन्झो बर्टेली, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचं खातं बघणारे, मालकांचेच चिरंजीव. त्यांनी मान्य केलं की ही सँडल भारतातल्या पारंपरिक हातशिलाईच्या चपलांवरून सुचलीय, कलेक्शन अजून सुरुवातीच्या टप्प्यात आहे आणि स्थानिक कारागिरांशी बोलायची आमची तयारी आहे.

आता माझा मुद्दा. तयारी कारागिरांशी बोलायची, आणि पत्र कुणाला? चेंबरला. आमच्या सुभाषनगरात, म्हणजे कोल्हापुरातल्या चप्पल शिवणाऱ्यांच्या वस्तीत, कुणाला कागद आला न्हाई. आमच्या बाबांची उभी हयात रापी आणि आरी हातात धरून गेली, त्यांनी ही बातमी टीव्हीवर बघितली आणि पत्रात काय लिहिलंय ते पुतण्यानं मोबाईलवर शोधून समजावून सांगितलं. पुढं डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, 2000 जोड, एका जोडाची किंमत साधारण 800 युरो. तेही आम्हाला बातमीतनंच कळलं. मला वाटतंय कंपनी जबाबदारीची भाषा जो ओरडतो त्याच्याशी बोलतीय, जो शिवतो त्याच्याशी न्हाई. तुमचं काय म्हणणं?

चप्पल लाईन
मी चप्पल लाईनीत, म्हणजे कोल्हापूरच्या चपलांच्या बाजारात, दुकानदार आहे, तीन पिढ्या याच धंद्यात, त्यामुळं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कंपनीनं काय करायला पाहिजे होतं अजून? पत्राला उत्तर दिलं, सँडल कुठनं सुचली ते मान्य केलं, जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली, डिसेंबरात करार. सहा महिन्यांत एवढं कुठली कंपनी करते सांगा. आपल्याकडं साध्या रस्त्याच्या खड्ड्यावर अर्ज दिला तर पोच मिळायला वर्ष जातंय. आणि परदेशातली कंपनी घरोघरी कशी जाणार ओ, ती संघटनेशीच बोलणार. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडं बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे जीआयमध्ये, म्हणजे कोल्हापुरीच्या नावाला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात आहेत, हजारो घरं आहेत, कुणाकुणाच्या दारात पत्र टाकणार? त्या गोंधळानंतर माझ्या दुकानात मुंबई-पुण्याची पोरं मुद्दाम चौकशी करत आली, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

सुभाषनगरकर
मालक, भेटून गेली हे बरोबर आणि त्याचं मला चांगलंच वाटलं. पण भेटून काय ठरलं ते परत सांगायला कुणी आलं का? माणसं आली, फोटो काढले, चप्पल हातात घेऊन बघितली, गेली. एकदा येऊन विचारणं म्हणजे संवाद न्हाई, विचारलेल्याचं पुढं काय झालं हे सांगणं पण त्यातच येतंय.

कायद्याचं बोला
दोघांच्या मधे येतो. जुलै 2025 मध्ये या प्रकरणावर मुंबई हायकोर्टात जनहित याचिका झाली होती, वकिलांनी केलेली, ती कोर्टानं फेटाळली. कोर्टाचं म्हणणं साधारण असं की जीआयचा नोंदणीकृत मालक स्वतः येऊन दाद मागू शकतो, तुम्ही कोण? आणि नोंदणीकृत मालक कोण, तर दोन राज्यांची दोन महामंडळं, 2019 ला जीआय मिळाला तो त्यांच्या नावावर. म्हणजे कायद्याच्या नजरेत कंपनीनं करार योग्य पार्टीशीच केलाय. सुभाषनगरकर, तुमची तक्रार कंपनीपेक्षा महामंडळाकडं जास्त जाते असं मला प्रामाणिकपणे वाटतं. 1999 च्या जीआय कायद्यात कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करता येते, तुमच्या गल्लीत किती जणांनी केलीय? ती नोंद असेल तर उद्या तुम्हाला टाळून कुणी पुढं जायचं म्हटलं तर अवघड जाईल.

सुभाषनगरकर
न्हाई केली, आमच्या घरात न्हाई, शेजारी एका घरात आहे. हे मी कबूल करतो आणि याच्यावर गल्लीत बोलणार आहे. पण भावा, कायद्यानं कुणाशी करार करायचा आणि जबाबदारी म्हणून कुणाला सांगायचं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्यापुरतंच बोलायचं असतं तर कंपनीनं पत्राचं उत्तर सामाजिक जबाबदारी खात्याकडनं कशाला दिलं, वकिलाकडनं दिलं असतं.

शिरोली एमआयडीसी
सुभाषनगरकरांचा शेवटचा मुद्दा मला पटला, कारण मी हेच काम केलंय. एका मोठ्या कंपनीत सीएसआरचं, म्हणजे सामाजिक जबाबदारीचं खातं चार वर्षं बघत होतो, नाव सांगत नाही. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135, नेटवर्थ 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के सामाजिक कामावर घालायचे. कुठं घातले ते वेबसाइटवर टाकायचं, बोर्डाच्या अहवालाला जोडायचं. आम्ही टाकायचो, नीट टाकायचो, एक रुपया इकडचा तिकडं नाही. पण सगळं इंग्रजीत, पीडीएफमध्ये, वेबसाइटच्या तळाला. वाचणार कोण, तर ऑडिटर आणि शेअरवाले.

एका गावात शाळेला पाण्याचं फिल्टर मशीन बसवलं, वर कंपनीच्या नावाचा हा एवढा बोर्ड. दीड वर्षात मशीन बंद. मुख्याध्यापकांना कळेना फोन कुणाला करायचा, कारण बोर्डावर नाव होतं, लोगो होता, फोन नंबर नव्हता. अहवालात ते मशीन चालूच होतं. मी स्वतः लिहिला होता तो अहवाल आणि ते मला आजही टोचतंय. तेव्हापासून माझं मत एकच, ज्याच्यासाठी काम केलं त्याला उलट बोलायची सोय दिली नाही तर तो अहवाल कंपनीनं स्वतःलाच लिहिलेलं पत्र आहे.

चप्पल लाईन
पण हे तुमच्या कंपनीचं झालं. प्राडाला कलम 135 कुठं लागू होतंय? त्यांना तर सक्ती नसताना त्यांनी केलं.

शिरोली एमआयडीसी
लागू होत नाही, मान्य, आणि त्याबद्दल मी त्यांना मार्क देतो. पण सवय सगळीकडं सारखी आहे हो. आपल्याकडं नवा मोठा कारखाना यायचा असेल तर 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत जनसुनावणी आहे, 30 दिवस आधी पेपरात नोटीस द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो. म्हणजे लोकांच्या भाषेत सांगता येतं, जिथं सक्ती आहे तिथं होतं. सीएसआरच्या अहवालाला ती सक्ती नाही म्हणून कुणी करत नाही. 2000 जोडांच्या कराराचं मराठीत आणि कन्नडमध्ये दोन पानांचं पत्रक काढायला कितीसा खर्च येतोय?

अथणीचा पावणा
कन्नडचं नाव काढलं म्हणून लिहितो. कोल्हापुरी म्हणून तुमच्या लाईनीत जे जोड विकले जातात त्यातले बरेच आमच्या अथणीकडनं आणि निपाणीकडनं येतात, हे दुकानदार मालकांना चांगलं ठाऊक आहे. मिलानवाल्यांनी कोल्हापूरचं नाव घेतलं नाही म्हणून तुम्ही चिडला, बरोबर केलं. पण अथणीचं नाव तुमच्या बॉक्सवर कधी होतं? माझी बाजू कंपनीची नाही, पण जबाबदारी फक्त इटलीवाल्याला विचारायची आणि तुमच्याच बाजारात, शिवाजी चौकात विचारायची नाही, हे बरोबर नाही.

वेणी घालणारी
मी वेणी घालते, पट्ट्याची, सासूबाईंकडून शिकले. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरवायचं ते आमच्या घरात होत नाही, पण वेणी, शिलाई सगळं बायकाच करतोय. तुम्ही सगळे भाषेवर, कायद्यावर बोलताय ते ठीक आहे. मला एकच विचारायचं आहे, 800 युरोतले शिवणाऱ्या बाईला किती, हे त्या करारात लिहिलंय का? महामंडळानं सांगावं नाहीतर कंपनीनं सांगावं, कुणीही सांगा. करारात कारागिरांना ट्रेनिंग देणार म्हणतात, छान आहे, माझ्या मुलीनं जावं असं मला वाटतं. पण जोडामागं दर काय हे कुणी बोलत नाही. आणि दादा, तुम्ही सुद्धा पहिल्या पोस्टमध्ये बाबांचं लिहिलंत, आईचं नाही.

सुभाषनगरकर
वहिनी, चुकलं. आई अजून रोज वेणी घालतीय आणि मी लिहिताना बाबांचीच आरी आठवली. तुमचा प्रश्न माझ्या प्रश्नापेक्षा नेमका आहे, महामंडळाला पत्र द्यायचं ठरलं तर पहिल्या ओळीत तोच घालू, जोडामागं दर किती आणि बाईच्या हातात किती. अथणीच्या पावण्यांचं पण खरं आहे, त्यांना सोडून पत्र द्यायचं न्हाई, कन्नडमध्ये तुम्ही लिहून द्या.

चप्पल लाईन
माझं मत बदललेलं नाही, कंपनी वाईट वागली असं मी म्हणणार नाही. पण अथणीवाल्यांनी शिवाजी चौकाचं काढलं ते मला लागलं. माझ्याकडं माल देणाऱ्यांची नावं माझ्या वहीत आहेत, बॉक्सवर नाहीत. पुढच्या लॉटला कारागिराचं नाव आणि गाव बॉक्सवर छापून घेतो, ज्यांना चालतंय त्यांनी सांगा, बाईनं केलं असेल तर बाईचं नाव. दर मात्र मी बोर्डावर लावणार नाही, आधीच सांगतो.

सुभाषनगरकर
नावापासून सुरू करू. दराचं समोरासमोर बोलू मालक, रविवारी दुकान लावायच्या आधी येतो, आईला पण घेऊन येतो.