हिडकलच्या पाण्यात होडीसाठी जीपीएस आणि हवामान: काय घ्यावं?

घटप्रभाकाठ: मंडळी, सल्ला पाहिजे होता. बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाच्या जलाशयात मासेमारीला आमची फायबरची होडी आहे. गेल्या वैशाखात दुपारी चारला वळीव चढला, धुळीनं काठच दिसेना. मोबाईलची स्क्रीन भिजली, बोट फिरवलं तरी नकाशा हलेना. धाकटा भाऊ बरोबर होता, जीव नुसता उडाला होता बगा. बजेट वीस हजार. मेहुणा दुबईहून येतोय, उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र आणायला सांगू का?

कारवार_निपाणी: दादा, ते आणू नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असलं यंत्र बाळगणं आपल्याकडं गुन्हा आहे, विमानतळावरच मेहुणे अडकतील. साधं जीपीएस फक्त सिग्नल घेतं, पाठवत नाही. ते इथल्याच दुकानातून बिल करून घ्या. मी गार्मिनचं ईट्रेक्स वापरतो. बटणं असल्यानं ओल्या हातानं चालतं, दोन पेन्सिल सेलवर दिवसभर पुरतं. निघताना ट्रॅक, म्हणजे वाटेची नोंद, सुरू करायचा, परतताना त्याच रेघेवरून यायचं. पाण्यात पडलं तर तरंगत नाही, म्हणून दोरीनं लाईफ जॅकेटला बांधा. जीपीएसमॅप 79 तरंगतं, पण तुमच्या बजेटच्या बाहेर जाईल.

खानापूरकर: मला विचाराल तर यंत्राआधी हवामान. विंडी या हवामानाच्या ॲपवर वारा बघताना सरासरी वेग बघून फसू नका, झोताचा आकडा बघा. त्यातलं युरोपियन मॉडेल साधारण 9 किलोमीटरच्या चौकटीत हिशोब करतं, एवढासा वळीव त्यात नेमका सापडत नाही. म्हणून हवामान खात्याच्या साइटवर गोव्याच्या रडारचं चित्र उघडा. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप घ्या, 20 आणि 40 किलोमीटरच्या आतली वीज दाखवतं. कर्नाटक सरकारचं सिडिलूही आहे. पाण्यात रेंज जाते, तेव्हा हे सगळं काठावरच बघायचं. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोनच्या आत होडी काठाला लागलीच पाहिजे. भाऊ बरोबर असतो म्हणताय, म्हणून एवढं पोटतिडकीनं सांगतोय.

कारवार_निपाणी: अजून एक. समुद्राचे खोलीचे नकाशे मिळतात, धरणाचे नाहीत. पाणी उतरल्यावर विठ्ठलाचं देऊळ उघडं पडतं ना, तसे बुडालेले बांध, भिंती, खोडं सगळीकडं आहेत. कॉम्प्युटरवरच्या गूगल अर्थमध्ये घड्याळाच्या खुणेवर जुनी चित्रं दिसतात. मे महिन्याचं काढा, प्रत्येक अडथळ्यावर खूण करा आणि त्या खुणा यंत्रात भरा.

घटप्रभाकाठ: हे कुणीच सांगितलं नव्हतं. मेहुण्याला आत्ताच फोन करून नको म्हटलं. दामिनी दोघांच्याही मोबाईलवर घातलं. मेचं चित्र कुठल्या सालचं घेऊ?

कारवार_निपाणी: पाणी सगळ्यात खाली गेलेलं साल शोधा. देऊळ पायथ्यापासून दिसलं पाहिजे.