सिग्नलच ठेवू की मॉली घेऊ? अनुभवींनी सांगा

मुक्काम मालवण. आमच्या रापणवाल्यांचा (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांचा) सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपवर ग्रुप आहे. रात्री दिवे लावून मासे ओढणारी बोट दिसली की फोटो, वेळ आणि बोटीचा नंबर तिथे टाकायचा, पुढची तक्रार मी करतो. एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ सालीच बंदी घातली, पण समुद्रात अजून दिवाळी चालूच. फोटो कुणी काढला हे फुटलं तर त्या माणसाला जेटीवर उभं राहू देणार नाहीत, म्हणून सिग्नल.

आता पुतण्या म्हणतो, मॉली घाला. सिग्नलच्याच कोडवर केलेलं, फक्त अँड्रॉइडवर चालणारं अ‍ॅप. सगळ्या मेसेजांना आपला वेगळा पासवर्ड, थोड्या वेळाने आपोआप कुलूप, आणि कुलूप लागताना रॅमही, म्हणजे फोनची तात्पुरती स्मृती, पुसून टाकतं. सिग्नलमध्येही मेसेजांचा साठा एन्क्रिप्टेडच, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा असतो, पण त्याची किल्ली फोनच सांभाळतो. माझी भीती तीच आहे, कुणी फोनच हिसकावला तर?

पण अडचणी बघा. मॉली प्ले स्टोअरवर नाही, एफ-ड्रॉइड या दुसऱ्या अ‍ॅप-स्टोअरमध्ये त्यांची रेपो (अ‍ॅप मिळण्याचा पत्ता) जोडावी लागते. सिग्नलमध्ये दुरुस्ती आली की ती मॉलीत यायला थोडं थांबायचं. कुलूप असताना मेसेजचा मजकूर दिसणार नाही, मग पहाटे आलेला निरोप उजाडल्यावर वाचून काय करू? मॉलीची गुगलच्या सेवांशिवायची आवृत्ती घेतली तर ती मेसेजसाठी मागे सतत कनेक्शन धरून ठेवते, बॅटरी खाते, आणि इथे पावसात लाईट गेली की कधी येईल ते महावितरणलाच ठाऊक. आमच्या तांडेलांना (बोटीच्या प्रमुखांना) विचारलं तर म्हणाले, "माझ्या लक्षात ऱ्हवाचो नाय तो पासवर्ड."

सगळ्यांनीच बदलायला हवं का?

खाडीपलीकडचा: नाही हो. दोन्ही अ‍ॅप्स सिग्नलच्याच सर्व्हरवर चालतात, ग्रुप आहे तसा राहील. तक्रारी तुमच्याकडे जमतात ना, मग तुम्ही एकट्यानेच मॉली घ्या. गुगलवाली साधी आवृत्ती घ्या, बॅटरीचा प्रश्न उरणार नाही. आधी सिग्नलचा बॅकअप काढा, त्याचा कोड कागदावर लिहा आणि मॉलीत तो बॅकअप चढवा. त्याच नंबरने मॉलीत नोंदणी केली की जुनं सिग्नल बंद पडेल, घाबरू नका. मॉलीचा पासवर्ड विसरलात तर मात्र मेसेज गेले, कुणीही काढून देऊ शकत नाही. तांडेलांना सिग्नलवरच राहू दे.

खरं भोक मला दुसरीकडेच दिसतंय. फोटो काढता कशाने? फोनच्या कॅमेऱ्याने काढला तर मूळ फोटो गॅलरीत पडून राहतो, लोकेशन चालू असेल तर जागेसकट. तिथे सिग्नल काय नि मॉली काय! सिग्नलमधलाच कॅमेरा वापरायला सांगा. तक्रारीलाही ग्रुपवर आलेलाच फोटो जोडा, पाठवताना सिग्नल त्यातली जागेची माहिती काढून टाकतं. मेसेज आपोआप पुसायची मुदत लावा, पण तक्रारीचे फोटो आधी वेगळे ठेवून.

मालवणकर: गॅलरीचं डोक्यातच आलं नव्हतं. तिघांचे फोटो तर गुगल फोटोजवरही चढतायत. ते आजच बंद करायला लावतो, मॉलीचं रविवारी पुतण्याला बसवून बघतो.