मानसिक आरोग्याचा निधी वाढवा, आणि तो घराजवळच्या आरोग्य केंद्रापर्यंत पोचू द्या

मानसिक आरोग्याबाबत ‘आधी जनजागृती, निधीचं नंतर बघू’ असं मत मांडलं जातं, ते मला पटत नाही. जागृती झालेला माणूस मोठ्या धीराने दवाखान्यात जातो आणि त्याला तीन महिन्यांनंतरची तारीख मिळते. तो पुन्हा येईलच असं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या पाहणीत सरकारांच्या आरोग्यखर्चातला जेमतेम २ टक्के वाटा मानसिक आरोग्याला मिळत होता. त्यातलाही दोन तृतीयांश पैसा मोठी मनोरुग्णालयं चालवण्यात जातो, असं याच संघटनेचा २०२२ चा अहवाल सांगतो. घराजवळच्या केंद्राच्या वाट्याला उरतं काय?

द्विध्रुवी विकारावर (उन्माद आणि नैराश्याचे आलटून पालटून झटके येणारा आजार) दिल्या जाणाऱ्या लिथियम या औषधाचंच घ्या. गोळी जुनी आणि स्वस्त. पण तिचं रक्तातलं प्रमाण वेळोवेळी तपासावं लागतं. कमी पडलं तर गुण येत नाही, वाढलं तर विषबाधा. म्हणजे प्रयोगशाळा हवी, तंत्रज्ञ हवा, तपासणी चुकली तर फोन करणारी नर्स हवी. आणि साठा संपला म्हणून गोळी अचानक थांबली, तर आजार उलटतो. मग भरती, सुटलेली नोकरी, घरच्यांची फरफट. हा खर्च अंदाजपत्रकात दिसत नाही, तो कुटुंब सोसतं.

नैराश्य आणि चिंताविकारांच्या उपचारांवरच्या १ डॉलरमागे ४ डॉलरचा परतावा मिळतो, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेच्याच २०१६ च्या अभ्यासात होता. (हृदयरोग्याच्या बाबतीत असा हिशेब कुणी मागत नाही, हे मला खुपतं.) वाढीव निधीतून आधी प्राथमिक केंद्रांत समुपदेशक आणि परिचारिकांची कायम पदं भरावीत, नव्या इमारती नंतर.