मदत हवी आहे : १९६६ मस्टँग ब्रेक मारला की डावीकडे ओढते

मंडळी, मिशिगनमध्ये माझ्याकडे १९६६ची फोर्ड मस्टँग आहे. २८९ घनइंचाचं व्ही-८ इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, पॉवर स्टिअरिंग नाही.

ब्रेक दाबला की गाडी डावीकडे खेचते. जॅकवर घेऊन पाहिलं: ब्रेक सोडल्यावर पुढचं उजवं चाक लगेच मोकळं होतं, डावं घासत राहतं. ब्लीडर (चाकाजवळचा, ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) जरा सैल केला की ब्रेकचं तेल उडतं आणि चाक सुटतं. म्हणजे चाकाकडे तेल नेणारा रबरी होज आतून फुगलाय आणि तेल परत येऊ देत नाही, असा माझा अंदाज. पण त्याच बाजूच्या स्ट्रट रॉडचं (चाक पुढे-मागे सरकू न देणाऱ्या दांड्याचं) रबरी बुशिंगही चिरलंय, आणि तेही गाडी ओढतंच. आधी काय बदलू?

स्टिअरिंगलाही प्ले (ढिलेपणा) आहे. स्टिअरिंग बॉक्समधून निघणारा पिटमन आर्म लगेच हलतो, दुसऱ्या बाजूने जोडदांडा धरणारा आयडलर आर्म मात्र आधी वरखाली डुलतो. त्यामुळे बॉक्सचा ढिलेपणा कमी करायचा स्क्रू इतक्यात आवळायचा नाही, असं ठरवलंय. बरोबर ना?

सगळ्यात जास्त काळजी मास्टर सिलिंडरची (पेडल दाबलं की चाकांकडे तेल ढकलतो तो). एकच कप्पा, एक लाइन फुटली तर चारही ब्रेक गेले! घरची पोरं बसतात गाडीत. १९६७चा ड्रम ब्रेकवाला दुहेरी (दोन कप्प्यांचा) सिलिंडर कुणी बसवलाय का? पुशरॉड (पेडलपासून सिलिंडर ढकलणारा दांडा) आणि पाइपांचं काय केलंत, कृपया सविस्तर सांगा.