ईएसएक्सआय ८ : सर्व्हर कंपनीची कस्टम इमेज घ्यावी की मूळ?

प्रश्न

आमचा टॉवेलचा कारखाना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. ईआरपी, हजेरी आणि हिशेब हे सारे आजवर एकाच जुन्या सर्व्हरवर, ईएसएक्सआय ६.७ वर (व्हीएमवेअरचा हायपरव्हायजर, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) चालत आले. त्या आवृत्तीचा सपोर्ट १५ ऑक्टोबर २०२२ रोजीच संपला, हे मालकांना पटवून देण्यातच दोन दिवाळ्या गेल्या. आता दोन नवे सर्व्हर आले असून त्यांवर ८.० बसवायचे आहे. परवा मूळ, म्हणजे व्हीएमवेअरची स्टँडर्ड आयएसओ (इन्स्टॉलेशनची फाइल) पेनड्राइव्हवर घेऊन सुरुवात केली, तर नेटवर्क कार्ड सापडत नाही असा संदेश देऊन इन्स्टॉलर तिथेच थांबला. सर्व्हर कंपनीची कस्टम इमेज लावताच कार्ड दिसले. तरीही मनात शंका आहे, कारण या कामातील एका मित्राच्या मते अशा इमेजमध्ये कंपनीने नको ती भर घातलेली असते आणि पुढे पॅच लावताना ती नडते. कायमसाठी कोणती ठेवावी?

उत्तर १

कस्टमच ठेवा. कस्टम इमेज म्हणजे काही निराळा हायपरव्हायजर नव्हे. गाभा तोच असतो, आणि डेल, एचपीई, लेनोवो यांसारख्या कंपन्या त्यावर आपल्या नेटवर्क कार्डांचे व रेड कंट्रोलरचे (अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या कार्डाचे) ड्रायव्हर आणि सर्व्हरच्या प्रकृतीची माहिती देणारी साधने चढवून देतात. तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर मूळ आयएसओमध्ये नव्हता, एवढाच त्या संदेशाचा अर्थ.

मी शहरातील एका रुग्णालयाचे सर्व्हर सांभाळतो. तिथे पूर्वी मूळ इमेज होती. एका एप्रिलमध्ये रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा टिकवणारी रचना) मधील एक डिस्क गेली, तरी ईएसएक्सआयच्या हार्डवेअर पानावर सारे हिरवेगारच होते. रात्रपाळीच्या वॉचमनचा ‘साहेब, चौथ्या खणातला दिवा पिवळा झालाय’ असा फोन आला, तेव्हा आम्हाला पत्ता लागला. त्या रात्रीत दुसरी डिस्क गेली असती, तर बॅकअपवरच भिस्त होती.

उत्तर २

निष्कर्ष मान्य आहे, पण वॉचमनच्या प्रसंगाचा दोष इमेजवर टाकणे मला पटत नाही. आयड्रॅक (डेल) किंवा आयएलओ (एचपीई) ही सर्व्हरवर नजर ठेवणारी अंगभूत यंत्रणा हायपरव्हायजरवर अवलंबून नसते. तिच्यात ईमेल सूचना भरून ठेवली असती, तर इमेज कोणतीही असो, डिस्क गेल्याचे कळले असते. ती सोय आधी करून घ्या.

खरा प्रश्न पॅचचा आहे. ‘प्रोफाइल अपडेट’ ही आज्ञा कंपनीचे अधिकचे व्हीआयबी, म्हणजे ड्रायव्हर वगैरेंची पॅकेजे, जागेवर ठेवते. ‘प्रोफाइल इन्स्टॉल’ मात्र होस्टला, म्हणजे ईएसएक्सआय चालणाऱ्या सर्व्हरला, नव्या प्रोफाइलसारखा (पॅकेजांच्या यादीसारखा) हुबेहूब करते, म्हणजे त्यात जे नाही ते उडवते. सुदैवाने ती आज्ञा आधी अडते आणि काय काढावे लागेल ते सांगते. पण ते न वाचता, घाईघाईत, काढण्यास परवानगी देणारा पर्याय जोडला की नेटवर्कचा ड्रायव्हरही जातो आणि रीबूटनंतर होस्ट चालू असूनही कोणाला दिसत नाही. मी एका पतसंस्थेत नेमके हेच करून बसलो होतो. सर्व्हरसमोर बसून बूट होताना शिफ्ट आणि आर दाबून मागच्या प्रतीवर परतलो, तेव्हा जिवात जीव आला.

दुसरे असे की, कस्टम इमेजची नवी आवृत्ती मूळ पॅचच्या मागून येते. सुरक्षेचा पॅच असेल तर तिची वाट पाहत बसू नका. व्हीएमवेअरच्या मूळ डेपोतील (पॅकेजांच्या साठ्यातील) पॅच कस्टम इमेजवर ‘अपडेट’ने लावता येतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स या खंडणीखोर प्रोग्रामचा हल्ला झाला, तेव्हा ओपनएसएलपी या ईएसएक्सआयमधील सेवेतील ज्या जुन्या त्रुटीकडे बोट दाखवले गेले, तिचा पॅच फेब्रुवारी २०२१ पासून उपलब्ध होता.

सुटे भाग जुळवून केलेल्या सर्व्हरवर अर्थातच मूळ इमेजला पर्याय नाही.

उत्तर ३

एक भर घालतो. ड्रायव्हर आणि फर्मवेअर (कार्डातच भरलेला प्रोग्राम) यांची जोडी असते, आणि कोणत्या ड्रायव्हरबरोबर कोणते फर्मवेअर चालते हे व्हीएमवेअरची सध्याची मालक असलेल्या ब्रॉडकॉमच्या कंपॅटिबिलिटी गाइडमध्ये कार्डनिहाय दिलेले आहे. कस्टम इमेजने ड्रायव्हर नवा येतो, पण कार्डातील फर्मवेअर खोक्यातून निघाले तसेच राहते. म्हणून आधी फर्मवेअर, मग इमेज. व्हीसेंटर (अनेक होस्ट एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर) घेतलेच, तर त्यातील लाइफसायकल मॅनेजरमध्ये मूळ इमेज आणि कंपनीचे ॲडऑन स्वतंत्रपणे निवडता येतात, आणि हा वादच बराचसा मिटतो.

प्रश्नकर्ता

व्हीसेंटर सध्या नाही. दोन्ही सर्व्हरचे फर्मवेअर अद्ययावत करून कस्टम इमेज बसवली. ‘प्रोफाइल गेट’ आज्ञेच्या उत्तरात कंपनीचे नाव दिसते. आयड्रॅकमध्ये ईमेल भरला आणि खात्रीसाठी एक डिस्क मुद्दाम बाहेर ओढून पाहिली, तर दोन मिनिटांत मोबाइल वाजला. डिस्क परत बसवली असून रीबिल्ड (तिच्यावर डेटा पुन्हा भरणे) चालू आहे; ते संपेपर्यंत जुन्या सर्व्हरवरचे काही हलवत नाही.